गळती नव्हती, तरी माणूस गेला : गॅस गीझर बाथरूमबाहेर काढा

‘गीझरच्या गॅसगळतीने बाथरूममध्ये मृत्यू’ अशी बातमी आपण दर वर्षी कुठे ना कुठे वाचतो. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीची एक शाळकरी मुलगी अशी गेली. मार्च 2023 मध्ये होळीच्या दिवसांत घाटकोपरला एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा पहिला संशय गॅस गीझरवरच गेला. आपण हळहळतो, उठून आपल्या गीझरचा पाइप बघतो, रेग्युलेटर हुंगतो, वास येत नाही म्हणून निश्चिंत होतो.

माझं भांडण आहे ते बातमीतल्या ‘गळती’ या शब्दाशी. या मृत्यूंमध्ये बहुतेक वेळा गळती नसतेच. सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण त्यासाठीच त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. इथे गॅस गळत नाही, तो जळतो. फक्त हवा कमी पडली म्हणून अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. पाइप नवा, रेग्युलेटर नवा, गीझर चांगल्या कंपनीचा, आणि तरीही माणूस आत पडलेला असतो.

थोडा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर कढत पाणी देणारा गीझर स्वयंपाकाच्या शेगडीच्या पाच-सहा बर्नरएवढा गॅस खातो. दहा मिनिटं चालला तर साधारण दीडशे ग्रॅम गॅस जळतो, आणि तो नीट जळायला दोन घनमीटरच्या आसपास हवा लागते. आता तुमचं बाथरूम मोजा. चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट म्हणजे आतली सगळी हवा साडेपाच घनमीटरही भरत नाही. तुमच्या एका अंघोळीला खोलीतली एक तृतीयांशाहून जास्त हवा लागली, आणि तीच हवा तुम्ही श्वासालाही घेताय. ऑक्सिजन थोडा उतरला की ज्योतीचं जळणं बिघडतं आणि विषारी वायू वाढायला लागतो.

तरीही मला प्रश्न विचारला जातो तो नॉबचा. ‘डॉक्टर, ज्योत बारीक ठेवली तर चालेल ना? समर-विंटरचा नॉब समरवर ठेवला तर?’ त्या नॉबने पाणी किती तापायचं ते ठरतं. ज्योत बारीक केली की गॅस कमी जळतो, तेवढी हवा कमी लागते, हे खरं. आपल्या रत्नागिरीत थंडी ती किती, कोमट पाणी पुरतं, तेव्हा नॉब समरवरच ठेवा. पण खोलीत हवा किती येते हे कोणत्याच नॉबवर लिहिलेलं नाही. बारीक ज्योतीवर अर्धा तास अंघोळ म्हणजे हिशेब पुन्हा तिथेच.

आपल्या आजीच्या काळात न्हाणी घराच्या मागे असायची. चुलीवर तांब्याचा हंडा, खाली झावळ्या नि नारळाची सोडणं. धूर कौलांतून, भिंतीच्या फटींतून निघून जायचा, आणि कोंडला तर डोळ्यांना पाणी यायचं, म्हणजे तो आधी बजावायचा. त्या धुराने आमच्या आज्यांची फुप्फुसं खराब केली, म्हणून मी चुलीचे गोडवे गाणार नाही. पण विस्तव एकीकडे आणि कडी लावून अंघोळ करणारा माणूस दुसरीकडे, एवढी अक्कल त्या रचनेत होती. आपण मारुती मंदिर, नाचणे, कुवारबावला फ्लॅट घेतले, न्हाणीचं बाथरूम केलं, त्याला टाइल्स, सरकती काच नि फट न ठेवणारा दरवाजा बसवला, आणि मग तो विस्तव उचलून आत आणून भिंतीवर टांगला.

आत का? विचारलंत तर उत्तर मिळतं, ‘पाइप वाचतो.’ प्लंबरचं काम लवकर होतं, बिल्डरने तिथेच पॉइंट दिलेला असतो, दुकानदाराला विक्रीशी मतलब. आणि जबाबदारी टाळायला एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी तयार असतं : ‘खिडकी उघडी ठेवा.’

या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. जुलैत पावसाची झड आत येत असताना कोण खिडकी उघडी ठेवतं? समोरच्या इमारतीतून दिसतं म्हणून बायका खिडकी लावून घेतात, त्यात त्यांचं काय चुकलं? एक्झॉस्ट फॅन म्हणाल, तर तो हवा बाहेर ढकलणार, पण दाराखालून नवी हवा आत यायला जागा नसेल तर ढकलणार काय? शिवाय आपल्याकडे गॅस गीझर घेतातच मुळी वीज जाते म्हणून. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हापासून ‘एक गॅसवरचा असू दे’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. वीज नसताना गीझर चालतो, पंखा चालत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी रोज प्रत्येकाने न विसरता एक गोष्ट करावी लागते, ती एक दिवस विसरली जाणारच. त्यातून गणपतीला चाकरमानी आले की एकामागून एक सहा-सात जण अंघोळीला जातात. पहिला ताजा होऊन बाहेर येतो. पाचव्याला मिळते ती आधीच्या चौघांनी उरवलेली हवा.

आता आम्हा डॉक्टरांबद्दल, आणि आधी माझ्याबद्दल. काही वर्षांपूर्वी तिशीतली एक बाई आली. बाथरूममध्ये कोसळली, हातपाय वाकडे झाले, कपड्यात लघवी झाली, बाहेर आणल्यावर दहा मिनिटांत शुद्धीवर. महिन्याभराने पुन्हा तेच. मी फिटचं निदान केलं, ईईजी नि एमआरआयला पाठवलं, दोन्ही नॉर्मल आले, तरी गोळी सुरू झाली. सात महिने तिने ती खाल्ली. घरात ‘लग्नाआधी लपवलं होतंत का’ इथपर्यंत बोलणी गेली. मग एकदा नवरा सहज म्हणाला, ‘दोन्ही वेळेला केस धुवायचा दिवस होता.’ केस धुवायचे म्हणजे लांब अंघोळ. तेव्हा कुठे मी विचारलं, पाणी कशावर तापवता? गीझर गॅसचा, आत, खिडकीला पावसासाठी प्लास्टिक लावलेलं. तो गीझर बाहेर गेला, मेंदूविकार तज्ज्ञांनी गोळी हळूहळू बंद केली, आणि त्यानंतर तिला एकदाही फिट आली नाही. तो प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. गॅस गीझरमुळे येणाऱ्या फिटविषयी वैद्यकीय जर्नलमध्ये आधीच लिहून आलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असंही मला म्हणता येत नाही. (तुम्ही फिटची गोळी घेत असाल तर हे वाचून स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.)

शरीरात होतं काय, तर हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो. रक्त असतं, श्वास चालू असतो, पण मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, आणि पायांतलं बळ जातं. हे पाय जाणं सगळ्यात घातक, कारण आपल्याला काहीतरी होतंय हे कळेपर्यंत दाराच्या कडीपर्यंत हात पोचत नाही. गरोदर बाई असेल तर पोटातल्या बाळाला आईपेक्षाही जास्त धोका, आणि हृदयरोग्याला थोडा वायूही भारी पडतो. जे वाचतात त्यांतल्या काहींना दोन-चार आठवड्यांनी विसरभोळेपणा, स्वभावात बदल, चालण्यात मंदपणा असा त्रास सुरू होतो. घरी मात्र म्हणतात, बीपी लो झालं, पित्त झालं, उपास होता, आणि क्वचित बाहेरचं काहीतरी.

करोनापासून घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. ते इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस गुदमरलेला असतानाही आकडा 98 दिसू शकतो. त्यावर विसंबून घरी थांबू नका.

ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते पूर्ण बंदिस्त असावं लागतं, म्हणजे ज्योतीला हवा बाहेरून येणार आणि धूर बाहेरच जाणार, खोलीच्या हवेशी त्याचा संबंध नाही. तिथे घर तापवायला गॅसची शेकोटी लागते, तरी हा नियम पाळतात. आपल्याला तर फक्त बादलीभर पाणी तापवायचंय.

तेव्हा गीझर गॅलरीत, ड्राय बाल्कनीत किंवा मागच्या उघड्या पडवीत हलवा. पावसाचं पाणी अंगावर येणार नाही असा आडोसा द्या, पण चारी बाजूंनी कपाट करून कोंडू नका. तिथून गरम पाण्याचा पाइप आत घ्या. पाइप लांबला की पहिलं तांब्याभर पाणी गार येईल, येऊ दे. खर्च येतो, पण माझ्या त्या पेशंटच्या एमआरआयपेक्षा तो कमी होता. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला हा लेख दाखवा. हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच आत जाऊन कडी लावा. आतला शॉवर तोवर विसरा. ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर त्या दिवशी गीझर वापरू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत बर्नर लवकर गंजतो, तेव्हा वर्षातून एकदा साफ करून घ्या.

कुणी आत पडलंय असं वाटलं तर हाका मारत बसू नका. दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका. 108 ला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पहिलं वाक्य हेच सांगा : ‘अंघोळ करताना पडला, गीझर गॅसचा आहे आणि बाथरूमच्या आत आहे.’