गाळण्यात अडकतं ते कोण?



"आता आरओ आहे, गाळणं कशाला?" सातारा काय नि सांगली काय, आपल्या घरांतून हल्ली हेच ऐकू येतं. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे रोटिफर नावाचा एक जीव.

विहीर, तळं, नदी, कुठल्याही गोड्या पाण्यात तो सापडतो. लांबी बहुधा 0.1 ते 0.5 मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना फार तर ठिपका, पण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पटकन ओळखू येतो. डोक्यावर बारीक केसांची झालर असते. ते केस लाटेसारखे हलले की चाक फिरतंय असंच वाटतं. नावाचा अर्थही 'चाक वाहणारा'. त्या भोवऱ्याने अन्न तोंडाशी येतं. घशात कठीण जबडे, ते सारखे चावत असतात. जाणकार जात ठरवताना हे जबडेच बघतात. पुढे जठर, शेवटी पाय, त्याला चिकटून राहायला बोटं. काहींना काचेसारखं काटेरी कवच, काही जळवेसारखे सरपटतात. पुष्कळांना लाल नेत्रबिंदू असतो, त्याला उजेड कळतो. (मग याला इंद्रियं किती मानायची, हे महाराजांनाच विचारायला हवं!) एवढा सगळा संसार जेमतेम हजार पेशींत.

आपलं कापड याला अडवतं का? बांगलादेशात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला लावलं, तेव्हा छिद्रं 20 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे 0.02 मिलिमीटर भरली. कॉलऱ्याचे जंतू अशाच जलजीवांना चिकटून येतात. 2003 साली छापलेल्या त्या अभ्यासात कॉलरा 48 टक्के कमी झाला. साडी जुनीच हवी बरं का, धुऊन धुऊन तिचे धागे फुगलेले असतात.

आरओ आपल्यासाठी आहे. जिवाणी त्या जिवासाठी. यंत्राच्या फिल्टरमध्ये अडकलेला रोटिफर परत पाण्यात जात नाही. नळाचं पाणी कासहून किंवा कृष्णेतून येतं, तिथे जिवाणी कुठे सोडणार, हे मान्य. पण मळ्यात विहीर असणाऱ्यांनी ही सबब सांगू नये. गाळणं तसंच दोरीवर वाळत टाकलं तर त्यातले बहुतेक सुकून मरतात. आधी ते उलटं धरून गाळलेल्या पाण्याने विसळा, आणि ते पाणी त्याच विहिरीत, वरून न ओतता, बादली पाण्याला टेकवून सोडा.