काठी सारखी, मैदान कुणाचं?

उंच उडीच्या काठीला रंग कळत नाही, असं खेळावर लिहिणारे शहाणे सांगतात. खरंय. काठी एकाच उंचीवर. प्रत्येक उंचीला सगळ्यांना तीनच संधी. पडली की पडली. पण काठीपर्यंत पोचायला धाव लागते, धावायला मैदान लागतं. मैदानाला फाटक असतं आणि फाटकावर माणूस उभा असतो. त्याला रंग बरोबर कळतो.

अ‍ॅलिस कोचमन १९२३ साली अमेरिकेत, जॉर्जियातल्या ऑल्बनीत जन्मली. काळी पोर. गोऱ्यांच्या मैदानात पाय ठेवायची बंदी. मग ही धुळीच्या रस्त्यावर अनवाणी पळायची. दोऱ्या ताणायची, काठ्या आडव्या लावायची आणि उडायची. घरी बापाचा मार, बाईच्या जातीला हे शोभतं का म्हणून. बाहेर गोरा अडवणार, घरात बाप. तरी वेड सुटलं नाही. जमीन सुटल्याची चव एकदा कळली की मार खाऊनही पाय ऐकत नाहीत.

१९३९ साली ती टस्कीगीला शिकायला गेली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून उभारलेली ही काळ्यांची संस्था. शिष्यवृत्ती होती, पण बदल्यात खेळाच्या जागा साफ करायच्या, खेळाडूंचे फाटके कपडे शिवायचे. त्याच सालापासून १९४८ पर्यंत सलग दहा वर्षं उंच उडीचं राष्ट्रीय अजिंक्यपद तिचंच. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं महायुद्धानं गिळली. १९४८ ला लंडनमध्ये ती १.६८ मीटर उडाली, पहिल्या प्रयत्नात. ब्रिटनची डोरोथी टायलरही तेवढीच उडाली, पण दुसऱ्या प्रयत्नात. ऑलिंपिकचं सुवर्ण घेणारी जगातली पहिली काळी बाई! पदक खुद्द इंग्लंडच्या राजाच्या हातून.

आणि गावात? मिरवणूक निघाली. सत्काराच्या सभागृहात काळे एकीकडे, गोरे एकीकडे. मेयरनं तिच्याशी हात मिळवला नाही. राजाला विटाळ झाला नाही, मेयरला झाला!

आता हीच गोष्ट सांगून उपदेश होतो, बघा, जिद्द असली की सगळं जमतं. दोस्तांनो, हा डाव ओळखा. जिद्द तिच्याकडं होतीच. पण टस्कीगी नसती तर ती जिद्द धुळीतच राहिली असती. जिद्दीचे पोवाडे गायले की फाटकावरचा माणूस आपोआप निर्दोष सुटतो. तिच्याबरोबर त्याच धुळीत पळणाऱ्या, तिच्याइतक्याच उडू शकणाऱ्या किती पोरी असतील? त्यांचं नाव कुठल्याच निकालात नाही. त्यांना काठीनं पाडलेलं नाही. त्यांना काठीपर्यंत येऊच दिलं नाही.

म्हणून कॉलेजात उंच उडीचं वेड लागलेल्या पोरापोरींनो, उडा. जीव तोडून उडा. पण उडीचं कौतुक करायला कुणी आला, की हार गळ्यात पडायच्या आधी त्याला विचारा, मैदानाची किल्ली कुणाकडं आहे?