लाल दिवा

बाबांची येझदी १९७८ची. गेल्या पावसाळ्यात ऐन संध्याकाळी ती क्रांती चौकात, महाराजांच्या पुतळ्यासमोर बंद पडली. हेडलाइटवरचा चार्जिंगचा लाल दिवा कित्येक दिवस विझत नव्हता. मी लक्षच दिले नव्हते.

मेस्त्री म्हणाला, "बॅटरी बदला." वर्षभरात दोनदा बदलली होती! बाबा कंटाळून म्हणाले, "आता भंगारात देऊ." मी चार दिवसांची मुदत मागून घेतली.

मित्राकडून मीटर आणला. बॅटरी सहा व्होल्टची. इंजिन रेस केल्यावर व्होल्टेज सातच्या आसपास चढायला हवे. ते सहाच्या पुढे सरकेना. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, ती उपाशी होती! डायनॅमोचे झाकण काढले, तर कार्बन झिजून थोटके झालेले आणि कॉम्युटेटर काजळीने माखलेला. तो साफ केला, नवे कार्बन बसवले. इंजिनाने वेग घेताच लाल दिवा विझला. बाबांनी पुन्हा भंगाराचे नाव काढले नाही.

'कला शाखेच्या मुलाला या उचापती कशाला?' असे काही जण विचारतील. मित्रहो, कारण न शोधता वस्तू बदलत राहणे हा आपल्या सर्वांचाच रोग आहे. नापास झालो की आपण गाईड बदलतो, अभ्यासाची पद्धत तपासत नाही. म्हैसूरचा जुना येझदी कारखाना १९९६ साली बंद झाला. या गाड्या आता टिकतील त्या शोधक नजरेने आणि काळ्या झालेल्या हातांनीच. त्या काळ्या हातांची लाज कशाला?