कल कुणाचा, झाडू कुणाचा?

वस्तीशेजारच्या कॉलेजात परवा करिअर मार्गदर्शन शिबिर झालं. टाय लावलेला एक साहेब आला. म्हणाला, स्वतःला ओळखा. तुमचा कल शोधा. मग छापील फॉर्म वाटला. नावाखाली पहिलाच रकाना : वडिलांचा व्यवसाय.

दोस्तहो, पेन तिथंच अडलं.

बाप महापालिकेत सफाई कामगार. आजा तोच. का रे साहेब, त्यांचा कल काय गटाराकडं होता? कुठल्या कलचाचणीत निघालं की या पोराला मेलेली कुत्री उचलायला लई आवडतं?

बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे उघडं पाडलं. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. तीही अंगचे गुण बघून नाही. आईबापाचा दर्जा बघून, आधीच करून ठेवलेली. म्हणजे साहेबाचा तो पहिला रकाना.

मुंबईच्या गिरण्या घ्या. साचेखात्यात पगार बरा, पण तिथं आपल्याला मज्जाव. का? कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडानं ओढून धोट्यातून काढावं लागे. आमच्या ओठाचा धोटा सवर्ण विणकराच्या ओठाला कसा चालेल? यंत्र विलायतेचं, विटाळ इथला! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. 1982 च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. काहींच्या जागी मॉल उभे राहिले. त्या मॉलच्या संडासात फडकं कुणाच्या हातात असतं, ते जाऊन बघ.

आता घरचं सांगतो. बाप पुढच्या वर्षी रिटायर. आई म्हणते, बाळा, वारसाहक्कानं लाग, नाहीतर खोली सोडावी लागंल. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला ही नोकरी मिळते. तिला मी शिव्या घालणार नाही. त्याच पगारावर मी एम.कॉम. झालो. पण सरकारला एवढी माया झाडूच्याच बाबतीत का येते? हापिसातला बाबू म्हणाला, शिक्षणाचं नंतर बघू, आधी झाडू धर. खोली झाडूला बांधलेली आणि आम्ही खोलीला. यात कल कुठं बसवू?

हातानं मैला काढायला 1993 ला कायद्यानं बंदी, 2013 ला पुन्हा बंदी. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं 2014 ला 10 लाख ठरवले, 2023 ला 30 लाख. बंदी घातलेल्या कामातल्या मरणाचा भाव वाढतो आणि काम चालूच. साहेबाच्या चार्टवर हे करिअर नव्हतं.

तेव्हा संशोधन करायचंच, पण आपलं. ज्या खात्यात जायचंय तिथली बिंदुनामावली माहितीच्या अधिकारात मागव. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. राखीव जागा किती, भरल्या किती, अनुशेष किती वर्षांचा, कायम किती, कंत्राटी किती? कंत्राटाचं नीट बघ, आरक्षण तिथंच गिळतात. खाजगीत घुसलेला आपला एखादा पोरगा गाठ आणि विचार, आडनाव सांगितल्यावर मुलाखतीतली तोंडं कशी झाली. कुठलं दार उघडं आणि कुठलं नुसतं भिंतीवर रंगवलेलं, हे असं कळतं. ‘आवडीचं काम करा’ हे ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे त्यानं म्हणावं. आणि आवडीवर आपला हक्क नाही असंही मी म्हणत नाही, च्यायला, तोच तर मागायचाय.

फॉर्म मी साहेबाला दिला नाही, घरी आणला. बापानं चष्मा लावून वाचला. ‘आवड’ या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाला, “हे आमाला कवा कुणी इचारलं न्हाय.”

म्हटलं, “बाबा, तुमची काय होती?”

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “घड्याळं दुरुस्त करायची.”