पोलीस ठाण्यातला समेट

जत्रेतला मान कोणाचा, सामायिक विहिरीचे पाणी कोणी किती उपसावे, घरामागची पायवाट कोणाची. आपल्या गावांतील पुष्कळ तंट्यांचे मूळ याहून मोठे नसते. न्यायालयात गेले की ते नातवंडांपर्यंत पुरतात. म्हणून पोलीस निरीक्षकाने दोन्ही पक्षांस समोर बसवून समेट घडवावा, अशी अपेक्षा लोक करतात. ती आम्हांस गैर वाटत नाही. मात्र असा समेट कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, हे भिवंडीने दाखविले आहे.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. वणवा पेटल्यावर प्रतिष्ठितांना गोळा करणाऱ्या शांतता समित्या आपल्या परिचयाच्या आहेत. निवेदनावर सह्या आणि चहापान एवढ्यावर त्यांचे कार्य आटोपते! खोपडे यांच्या समित्यांत गल्लीतले सामान्य हिंदू आणि मुसलमान होते, त्या भागातले पोलीस त्यांच्यासह नियमाने बसत आणि शेजाऱ्यांच्या किरकोळ कुरबुरी वाढण्याआधीच तेथे मिटत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली.

त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून दंगल उसळली. गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले, जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. या तंट्यात पोलीस पंच नव्हते, पक्षकार होते. अशा वेळी मध्यस्थीचे आसन पोलिसांनी सोडावे आणि तालुका विधी सेवा समितीसारख्या त्रयस्थाने ते घ्यावे.

दुसरा धोका रोजचा आहे. मार खाल्लेल्या स्त्रीस किंवा गरीब कुळास “मिटवून टाका” म्हणून परत धाडणे, यास समेट म्हणत नाहीत. लाठी टेबलाखाली ठेवली तरी दुबळ्यास ती दिसते. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर प्रथम माहिती अहवाल नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात बजावले आहे. समेटाचा प्रांत त्याच्या अलीकडचा.

त्या प्रांतात पोलिसांनी अवश्य उतरावे. पण जत्रेच्या आदल्या रात्री नव्हे, वर्षभर. आणि जे ठरले ते दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी ठाण्यात नोंदवून ठेवावे. निरीक्षकाची बदली होते, पायवाट मात्र तेथेच असते; नव्या साहेबांस तिची हकीगत वाचावयास मिळाली पाहिजे.