सिरोंच्याला रक्त हवे

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमानजीकचे सिरोंचा, जे इंग्रजी अमलात अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, ते आज जिल्ह्याच्या दफ्तरापासून सुमारे २०० किलोमीटर दूर पडले आहे. आणि ज्याच्या शौचावाटे एकाएकी रक्ताची धार लागते, त्याचा जीव या अंतरातच टांगलेला असतो.

असा रोगी मूळव्याध समजून लाजेपोटी दिवस काढतो. मूळव्याधीने रक्त जाते हे खरे. परंतु मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेले फुगे, उतारवयात नाजूक झालेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या, आमांशाचे व्रण, आतड्याचा क्षय, कर्करोग, किंवा उपचारावाचून लांबलेल्या विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याला पडणारी क्षते, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. जठरातला व्रण जोराने वाहू लागला तर तेही रक्त लालच पडते. अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांविषयी तर रोग्याला मुद्दाम विचारावे लागते.

निदानाला दुर्बीण लागते, पण ती सिरोंच्यातच बसवावी असा माझा हट्ट नाही. बहुतेकांचे रक्त आपोआप थांबते. ज्याचे थांबत नाही त्याला नागपूर किंवा नदीपलीकडचे वरंगळ गाठणे प्राप्तच आहे, जेथे वाहती नस डागतात, चिमटा लावतात, रक्तवाहिनीत नळी घालून ती बुजवितात, आणि निरुपाय झाल्यास आतड्याचा भाग कापतात. प्रश्न त्याला तेथवर जिवंत पोचविण्याचा आहे. सलाईनने रक्तदाब सावरतो, गेलेल्या तांबड्या पेशी परत येत नाहीत. हिमोग्लोबिन सातच्या खाली उतरले की रक्त द्यावे हा सर्वसाधारण नियम, आणि या जंगलपट्टीत पंडुरोग व सिकलसेल यांमुळे कित्येकांची मूळ शिल्लकच तुटपुंजी. ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या सुईवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही, कारण पचनमार्गातील रक्तस्रावाचे मृत्यू तिने घटत नाहीत, असे १२ हजार रोग्यांच्या चाचणीत २०२० साली दिसून आले.

तेव्हा सिरोंच्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्ताचा साठा बारमाही आणि अहोरात्र असला पाहिजे. रक्त वाया जाईल ही सबब लटकी आहे. २ ते ६ अंशांवर ते ३५ दिवस टिकते, न लागलेले मुदतीआधी मूळ रक्तपेढीला परत करता येते, आणि अडलेल्या बाळंतिणीलाही तेच लागते. मात्र वीज गेली तरी शीतपेटी चालली पाहिजे, आणि पावसाळ्यात नाले चढून वाट तुटण्याआधी ती भरलेली आहे की नाही, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी कागदावर नव्हे, समक्ष येऊन पाहावे.