मन्सा मूसाचे सोने आणि आमची फुशारकी

आमच्या जलशांत, लग्नाच्या मांडवात, मोबाईलवरच्या संदेशांत गेली काही वर्षे एक नाव गाजते आहे : मन्सा मूसा. जगाच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस मुसलमान होता, असे वक्ता गरजतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. २०१२ पासून ४०० अब्ज डॉलर हा आकडाही त्याच्या नावाला चिकटला आहे. चौदाव्या शतकातल्या या राजाच्या खजिन्याच्या वह्या कोणाकडेच नाहीत. मग हे डॉलर मोजले कोणी? हा प्रश्न आम्हाला पडत नाही. कारण आम्हाला इतिहास नको आहे, फुशारकी हवी आहे.

मूसा कोण होता, हे आधी नीट पाहू. 'मन्सा' म्हणजे राजा. पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्यावर त्याने सुमारे १३१२ ते १३३७ या काळात राज्य केले. मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेला आणली, त्याच्या तीन वर्षे आधी, १३२४ साली, मूसा हजला निघाला आणि वाटेत कैरोत उतरला. तिथे त्याने इतके सोने वाटले की बाजारात सोन्याचा भाव घसरला. काही वर्षांनी कैरोत आलेल्या अल्-उमरीने नोंदवले आहे की, पूर्वी एका मिस्कालला २५ दिरहमांच्या खाली न जाणारा भाव २२ च्या आत आला आणि सुमारे बारा वर्षे तसाच राहिला.

आमचे वक्ते इथेच थांबतात. पुढची हकिगत मात्र सांगत नाहीत. परतताना या सोन्याच्या राजाचे हात रिकामे झाले होते. त्याला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढावे लागले, आणि त्या व्यापाऱ्यांनी ३०० दिनारांवर ७०० दिनार नफा कमावला. अलेक्झांड्रियाचा एक सावकार वसुलीसाठी थेट मालीकडे निघाला आणि तिंबक्तूत मरण पावला. त्याची कबर इब्न बतूताने पाहिली. ऐपतीबाहेरचा दिखावा आणि मागून कर्ज! मुलीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढणाऱ्या आमच्या समाजाला ही गोष्ट अनोळखी वाटू नये.

आणि ते सोने आले कुठून? बंबुक आणि बुरेच्या खाणींतून. तिथे घाम गाळणारे लोक बहुतांशी मुसलमान नव्हते. सोन्याच्या बदल्यात जाणारे मीठ तगाझात गुलाम खणत होते. हजच्या काफिल्यातल्या माणसांचे आकडे इतिहासकारांत जुळत नाहीत. पण त्यात हजारो गुलाम होते, हे कोणी नाकारत नाही. दौलताबाद पाहिलेला इब्न बतूता १३५२ साली, मूसाचा भाऊ सुलेमान गादीवर असताना, मालीत पोहोचला. तिथला न्याय, वाटसरूची सुरक्षितता आणि मुलांना कुरआन शिकवण्याची कळकळ यांची त्याने तारीफ केली. पण तो ज्या काफिल्याबरोबर परतला, त्यात सुमारे ६०० गुलाम स्त्रिया होत्या, हेही तोच लिहितो. इतिहास घ्यायचा तर सगळा घ्यावा लागतो. नुसती मलई काढून घेता येत नाही.

मग मूसात अभिमान बाळगावा असे काहीच नाही का? आहे, आणि तेच आम्ही विसरलो. प्रजेच्या देखण्या मुली निकाहाविना जनानखान्यात ठेवण्याची मालीच्या राजांची रीत होती. कैरोतल्या एका अधिकाऱ्याने मूसाला सांगितले की हे शरीयतला मान्य नाही. मूसाने विचारले, राजालाही नाही? उत्तर आले, राजालाही नाही. तेव्हा त्याने आपले अज्ञान कबूल केले आणि ती रीत सोडण्याचा शब्द दिला. दानशूर राजे पुष्कळ सापडतात. चूक दाखवणाऱ्यापुढे मान झुकवणारे किती सापडतात? आमच्या जमातीच्या अध्यक्षाला कोणी भर बैठकीत हिशोब विचारला तर काय होते, ते आम्ही जाणतोच.

दुसरी गोष्ट इल्मची. परतताना मूसाने विद्वान आणले, मालिकी फिकहची किताबे आणली. तिंबक्तूत त्याने जिंगेरेबेर मशीद बांधवली. ती मातीची मशीद आजही उभी आहे, कारण गावकरी दरवर्षी एकत्र येऊन तिला लिंपतात. सतराव्या शतकातला तिंबक्तूचा इतिहासकार अस्-सादी सांगतो की, हिजाजहून मूसाबरोबर आलेल्या अत्-तमीमी नावाच्या पंडिताला तिंबक्तूतले काळे फकीह आपल्यापेक्षा सरस आढळले. तो रुसला नाही. फेझला जाऊन शिकला आणि परत आला. अरबस्तानातला विद्वान काळ्या माणसांपुढे आपले उणेपण मान्य करतो! आणि आम्ही? आजही निकाह ठरवताना बिरादरी पाहतो, रंग पाहतो. आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, असे सांगत पिंजारी आणि कसाबांना दूर बसवतो. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर आम्हाला भाषणापुरता हवा असतो. तशा रंगाचा जावई नको असतो.

कोणी म्हणेल, आमचा इतिहास पुसला जात असताना एखादे नाव अभिमानाने घेतले तर काय बिघडले? इतिहास पुसला जातो, हे खरे. पण १३७५ च्या कातालान नकाशात मूसा आहेच. मुकुट घातलेला, हातात सोन्याचा गोळा घेतलेला. युरोपच्या नजरेत भरले ते सोने, आणि पुढे त्याच सोन्याच्या ओढीने त्यांची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. आम्हीही त्याच नजरेने त्याच्याकडे पाहायचे का? शिवाय माली आजही सोने निर्यात करतो आणि जगातल्या गरीब देशांत मोजला जातो. नुसत्या सोन्याने कोणाचे भले झाले?

२०१२ साली इस्लामचेच नाव घेणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी तिंबक्तूतल्या वलींच्या कबरी फोडल्या. जानेवारी २०१३ मध्ये पळून जाताना त्यांनी हस्तलिखितेही जाळली. पण त्याआधीच तिथल्या ग्रंथपालांनी, जुन्या घराण्यांनी आणि साध्या माणसांनी जिवावर उदार होऊन हजारो हस्तलिखिते पत्र्याच्या पेट्यांत भरून बामाकोला पोहोचवली होती. जाळणारे मुसलमान होते, वाचवणारेही मुसलमानच. मूसाच्या मातीचे खरे वारस कोण, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आमची एकच विनंती आहे. पुढच्या जलशात मन्सा मूसाचे नाव निघाले की टाळ्या वाजवण्याआधी वक्त्याला विचारावे : आपल्या मोहल्ल्यात मशिदीच्या मिनाराला लाखो रुपये जमले, वाचनालयाला किती जमले? उत्तर आले नाही, तर टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली घ्यावेत.